वेगळा पेला, फुटका नळ

ऑक्टोबर २०२५ मध्ये रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात एका नवजात बाळाजवळ फलक लावला गेला. बाळाच्या आईला एचआयव्ही आहे, असे त्यावर लिहिले होते. वर्तमानपत्रात बातमी आली. छत्तीसगड उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, रुग्णालयाच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले आणि राज्य सरकारला त्या पालकांना दोन लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. ज्या माणसाने आयुष्यभर माणसाच्या प्रतिष्ठेसाठी लढा दिला, त्याचे नाव दारावर असलेल्या इमारतीत हे घडले.

न्यायालयाने केले ते योग्यच केले. पण आज आम्ही वाचकांसमोर एक वेगळा प्रश्न ठेवत आहोत. त्या फलकावर एचआयव्हीऐवजी ‘हिपॅटायटिस बी’ असे लिहिले असते तर?

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या पाठीशी एक कायदा आहे. २०१७ साली संसदेने तो केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. या कायद्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही, शाळा-कॉलेजात प्रवेश नाकारता येत नाही, नोकरी देण्याआधी ही चाचणी सक्तीने करता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाचा अहवाल जाहीर करता येत नाही. तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल नेमायचा आहे. हा कायदा कोणी दान दिलेला नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षे संघटित होऊन तो मिळवला. हिपॅटायटिस बी किंवा सी घेऊन जगणाऱ्यांसाठी असा कायदा नाही. संविधानाची कलमे आहेत, उच्च न्यायालयाचे दार आहे. पण त्या दारापर्यंत पोचायला पैसा लागतो, वकील लागतो आणि आपला आजार चारचौघांत सांगण्याचे धैर्य लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बी घेऊन आणि ५५ लाख लोक हिपॅटायटिस सी घेऊन जगत होते. जगातील एकूण भारापैकी हा नववा हिस्सा आहे. जगभर पाहिले तर हिपॅटायटिस बी असलेल्या शंभरांपैकी फक्त तेरा जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊक होते. बाकीच्यांना ते कधी कळते? अनेकदा बाळंतपणाच्या तपासणीत, रक्तदान शिबिरात, नाहीतर नोकरीच्या वैद्यकीय चाचणीत.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. म्हणून नोकरीच्या चाचणीचा प्रसंग विशेष बोलायला हवा. निवड झालेली असते, आईने वस्तीत पेढे वाटलेले असतात. मग प्रयोगशाळेचा कागद येतो आणि त्यावर ‘एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह’ असे दोन शब्द असतात. ते काय आहे हे सांगणारे घरात कोणी नसते, कारण असला कागद वाचणारी पहिली व्यक्ती आपणच असतो. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांना तर या एका कागदावर सरळ अपात्र ठरवले जाते. इथे कारण लेखी देत नाहीत. ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे : कावीळ. मराठीत कावीळ, छत्तीसगडमध्ये पीलिया. डोळे पिवळे झाले की आजाराला हेच नाव. पण डोळे पिवळे होणे हे लक्षण आहे, आजार नव्हे. यकृताला सूज आणणारे विषाणू मुख्यतः पाच आहेत आणि त्यांचे मार्ग दोन आहेत. ए आणि ई हे विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, अन्नातून येतात. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते, जन्मभर ते शरीरात राहत नाहीत. बी आणि सी रक्तातून येतात : दूषित सुई, न तपासलेले रक्त, एकमेकांचे वस्तरे. बी शरीरसंबंधातूनही येतो आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. हे दोन विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतात आणि त्यातल्या काहींचे यकृत पुढे निकामी होते किंवा तिथे कर्करोग होतो. पाचवा विषाणू डी, तो बी असेल तरच होतो.

बी आणि सी एका ताटात जेवल्याने होत नाहीत. एका पेल्याने, हात मिळवल्याने, मिठी मारल्याने, एका खोलीत झोपल्याने, त्या माणसाने रांधलेले खाल्ल्याने होत नाहीत. आईच्या दुधातून होत नाहीत. हे विज्ञान जुने आहे, त्यात वाद नाही. तरीही अहवाल कळला की घरात पहिली गोष्ट काय होते? ताट वेगळे निघते. पेला वेगळा ठेवला जातो. मेसमध्ये बाजूचा सरकून बसतो. सोयरीक मोडते.

वेगळा पेला आपल्या समाजाला कोणी शिकवावा लागत नाही. चहाच्या टपरीवर बाहेर ठेवलेला कप, शाळेत वरून ओतलेले पाणी हे आपल्या आजोबांनी भोगले, काही ठिकाणी आजही चालू आहे. रोगाची भीती आली की समाज हीच जुनी सवय बाहेर काढतो, फक्त तिला आरोग्याचे नाव देतो. यातली वेदनेची गोष्ट अशी, की आता ती सवय आपल्याही घरात शिरली आहे. ज्यांच्या बापजाद्यांना वेगळा पेला मिळाला, तेच आज आपल्या सुनेला वेगळा पेला देतात.

विटाळ आणि अस्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या चळवळीला १९२७ पासून माहीत आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. माणसांच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्याची ‘शुद्धी’ केली. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी पाण्यात ओतून. माणसाचा हात घाण आणि शेण शुद्ध, असे मानणारा समाज पाण्याच्या खऱ्या घाणीकडे कधी पाहणार?

रायपूरने याचे उत्तर दिले आहे. शहर खारून नदीचे पाणी पिते. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगले निघते, पण घरापर्यंत पोचताना ते कशातून जाते हा प्रश्न आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मोवा भागातल्या नहरपारा वस्तीत काविळीने माणसे दगावली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोन वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, सगळा देश करोनाने घरात बसलेला असताना रायपूरच्या दाट वस्त्यांत पुन्हा काविळीची साथ आली आणि शेकडो लोक आजारी पडले. कारण तेच : पिण्याच्या पाण्याचे पाइप नालीतून गेलेले, जुने, गळके. नळाला पाणी नसते तेव्हा पाइपात पोकळी होते आणि बाहेरची घाण चिरेतून आत ओढली जाते. पाणी सुटले की ती घाण थेट हंड्यात येते. चोवीस तास पाणी असलेल्या कॉलनीत हे कमी होते, दिवसातून तासभर पाणी येणाऱ्या वस्तीत रोज होते.

हे फक्त रायपूरचे नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेत मिसळलेल्या सांडपाण्यामुळे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून तो हिपॅटायटिस ई होता हे कळले. २०१२ मध्ये इचलकरंजीत तेच झाले. हिपॅटायटिस ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, फार घातक ठरतो. अशा शंभर बायांपैकी वीस-पंचवीसपर्यंत मृत्यू नोंदले गेले आहेत. म्हणजे नालीतला गळका पाइप हा बाळंतपणातल्या मृत्यूचाही प्रश्न आहे. पण साथ आली की वस्तीला काय सांगतात? पाणी उकळून प्या, हात धुवा, उघड्यावरचे खाऊ नका. सल्ला चुकीचा नाही. पण पाण्याचा दर्जा सांभाळणे हे ज्यांचे काम आहे, ते हंड्याखालच्या सरपणाची जबाबदारीही बाईवर टाकून मोकळे होतात.

एकाच शहराचे हे दोन नियम पाहा. जो आजार पेल्यातून होत नाही, त्याच्यासाठी पेला वेगळा. जो आजार खरोखर पाण्यातून होतो, त्याच्यासाठी पाइप तसाच. सार्वजनिक आरोग्याच्या नावाखाली आपण जे करतो, त्याचा निम्मा भाग आरोग्यशास्त्र नसून जातीची सवय आहे.

आता हिपॅटायटिस बी कोणाच्या वाट्याला जास्त येतो ते पाहू. या आजाराची लस आहे, उत्तम आहे आणि स्वस्त आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि परदेशी लशीचे महागडे दिवस संपले. पण बाजारात येणे आणि अंगणवाडीत येणे यात मोठे अंतर असते. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ मध्ये काही जिल्ह्यांत आणि शहरांत प्रयोग म्हणून आली, २००७-०८ मध्ये दहा राज्यांत गेली आणि २०११ मध्ये देशभर पोचली. मधल्या चौदा वर्षांत ज्यांच्या घरी खासगी बालरोगतज्ज्ञ होता, त्यांच्या मुलांना लस मिळाली. आज पदवी घेऊन नोकरी शोधणारी आपली पिढी ही नेमकी त्याच वर्षांत जन्मली. त्यातले बरेच जण घरी जन्मले, दाईच्या हातावर.

बाळाला जन्मताना हा विषाणू लागला तर दहापैकी नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो. मोठेपणी लागला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत राहतो. म्हणून जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो. त्या वेळी तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे जात आणि वर्ग यांनी ठरवले. आज तोच तरुण नोकरीच्या दारात उभा राहिला की त्याला विचारतात, ‘हे तुला कसे झाले?’ प्रश्न विचारणाऱ्याच्या नजरेत संशय असतो. खरे उत्तर असे आहे : राज्याने लस द्यायला उशीर केला म्हणून झाले.

२००७ साली ‘इंडियन पिडियाट्रिक्स’मध्ये देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आदिवासींखेरीज इतरांत हिपॅटायटिस बीचे प्रमाण २.४ टक्के, तर आदिवासी समूहांत १५.९ टक्के निघाले. या आकड्यात अंदमानसारख्या फार जास्त प्रमाण असलेल्या समूहांचाही वाटा आहे, तेव्हा तो जसाच्या तसा बस्तरला किंवा गडचिरोलीला लावू नये. पण ज्या छत्तीसगडमध्ये जवळपास ३१ टक्के लोक आदिवासी आहेत, तिथे या प्रश्नाची दखल घ्यायला तो पुरेसा आहे. हे आदिवासींच्या रक्ताचे वैशिष्ट्य नाही. दवाखाना दूर असतो, प्रसूती घरी होते आणि जवळ असतो तो एकच सुई दहा जणांना टोचणारा डॉक्टर. गुजरातच्या मोडासा गावात २००९ साली पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस बीची साथ आली, तीत ऐंशीहून जास्त माणसे गेली. गोदना काढून घेणाऱ्या बायांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत. सुई पुन्हा वापरणाऱ्या दवाखान्यांना विचारणारे कमी.

विदर्भ आणि छत्तीसगड यांना जोडणारी आणखी एक गोष्ट आहे : सिकलसेल. या पट्ट्यात आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही ओबीसी समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून डोळे पिवळे दिसतात. विषाणू नसतानाही शाळेत त्या मुलाला ‘कावीळवाला’ म्हणून बाजूला बसवले जाते. दुसरीकडे, ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांना रक्तपेढीच्या निष्काळजीपणाचा धोका सर्वांत जास्त असतो.

आणि सफाई कामगार? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. पण घरगुती कचऱ्यात टाकलेली सुई जिच्या हातात घुसते, ती नगरपालिकेच्या ठेकेदाराची बाई रुग्णालयाच्या यादीत नसते. या कामावर कोणत्या जातींची माणसे आहेत, हे रायपूर, नागपूर किंवा मुंबई, कुठेही वेगळे सांगावे लागत नाही.

घरातही हा आजार सर्वांना सारखा येत नाही. गरोदरपणात बाईची चाचणी होते, नवऱ्याची होत नाही. त्यामुळे घरात ‘आजार आणणारी’ म्हणून पहिले तिचेच नाव निघते. माहेरी पाठवणे, बाळाला दूध पाजू न देणे असे प्रकार त्यानंतर सुरू होतात. खरे तर तिची चाचणी ही बाळाला वाचवण्याची संधी असते. जन्मतःच लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन दिले, गरज असेल तर आईला गरोदरपणात गोळ्या दिल्या, तर बाळ बहुतेक वेळा सुरक्षित राहते. तिला दोष लावणारे घर पुढच्या वेळी तिला चाचणीच करू देणार नाही. भेदभाव रोग थांबवत नाही, तो रोग लपवतो.

म्हणूनच या विषयावर कोणते संशोधन होते, हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या पुष्कळ पाहण्या ‘लोकांना किती माहिती आहे’ एवढेच मोजतात. वस्तीतल्या बाईला पाच प्रश्न विचारायचे आणि ती अज्ञानी आहे असा निष्कर्ष काढायचा. पण केसपेपरवर लाल शाईने शेरा मारणारे अज्ञानी नसतात. शस्त्रक्रिया शेवटी ढकलणारे, वॉर्डात मोठ्याने आजाराचे नाव घेणारे शिकलेले असतात. प्रश्न त्यांनाही विचारले पाहिजेत. हा आजार घेऊन जगताना कोणाचे लग्न मोडले, कोणाची नोकरी गेली, कोणी औषध लपवून घेतले, कोणी मध्येच सोडले आणि का, हे त्या माणसांच्या तोंडून नोंदवले पाहिजे. समाजकार्य, नर्सिंग, समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना प्रबंधाचा विषय हवा असेल, तर तो त्यांच्याच गल्लीत आहे. जिथून आपण आलो, तिथल्या माणसांना ‘नमुना’ न समजता साक्षीदार समजणारे संशोधक आपल्यातूनच यायला हवेत.

इतर देशांत हे प्रश्न विचारले गेले आणि नियम बदलले. चीनमध्ये नोकरी आणि शाळाप्रवेशासाठीच्या तपासणीत हिपॅटायटिस बीची चाचणी करण्यावर २०१० मध्ये बंदी आली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या वैद्यकीय विद्यापीठाने हिपॅटायटिस बी असलेल्या दोन विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखला होता. २०१३ मध्ये तिथल्या न्याय विभागाने अपंगत्वविषयक कायद्याखाली विद्यापीठाला नमवले. भारतात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. पण औषध मोफत असून भागत नाही. औषधाच्या रांगेत उभे राहिल्यावर नोकरी जाणार असेल, तर माणूस रांगेत उभा राहणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एचआयव्हीसाठी जे संरक्षण कायद्याने दिले, ते हिपॅटायटिस बी आणि सीसह जगणाऱ्यांनाही द्या. तोवर राज्यांनी परिपत्रक काढून नोकरी, वसतिगृह आणि महाविद्यालय प्रवेशासाठी ही चाचणी बंद करावी. २०११ पूर्वी जन्मलेल्यांना, निदान सरकारी वसतिगृहांतले विद्यार्थी, नर्सिंगच्या मुली आणि कायम-कंत्राटी सर्व सफाई कामगार यांना, मोफत लस द्या. कार्यक्रमाची आकडेवारी जात, जमात आणि व्यवसायानुसार जाहीर करा. आणि नालीतून गेलेले पाइप बाहेर काढा, उन्हाळ्यात साथ येण्याची वाट न पाहता.

शेवटी, ज्यांच्या हातात आज तो कागद आहे त्यांच्यासाठी. एका चाचणीवरून आयुष्य संपत नाही. हिपॅटायटिस सी बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंच्याण्णवहून अधिक जणांत पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बी असलेल्या प्रत्येकाला औषध लागत नाही. ज्यांना लागते त्यांच्यासाठी रोजची एक गोळी विषाणूला दाबून ठेवते, पण दोघांनाही नियमित तपासणी लागते. जिल्हा रुग्णालयात जा. झाडफूक, काविळीची माळ आणि जडीबुटी यांत महिने घालवू नका. दारू टाळा. घरातल्यांची चाचणी करून ज्यांना नाही त्यांना लस द्या. वस्तरा आणि दातांचा ब्रश वेगळा ठेवा, ताट-पेला नको. नोकरी नाकारली तर कारण लेखी मागा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि घरातल्या पहिल्या पदवीधराला आमची एक विनंती. वस्तीत कोणाचा तरी असा कागद उद्या तुमच्याकडेच वाचायला येईल. तो हळू आवाजात वाचा, नीट समजावून सांगा आणि त्यानंतर त्या माणसाच्या घरी, त्याच्याच पेल्यातून चहा प्या. घरातले सगळे बघत असतील. त्यांना तेवढे पुरेल.